पट्टा, रोलर आणि स्प्रिंग : विनागिअर स्कूटरविषयी वाचकांचे प्रश्न

विनागिअर स्कूटरमध्ये इंजिनाची शक्ती मागच्या चाकापर्यंत नेणाऱ्या पट्ट्याच्या यंत्रणेविषयी, म्हणजेच सीव्हीटीविषयी, आलेल्या पत्रांतून निवडलेल्या सात प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत. बहुतेक पत्रांत 'कोणता भाग बदलू?' असे विचारलेले आहे. आम्ही मात्र प्रत्येक वेळी आधी 'गाडी आत्ता नेमके काय करीत आहे?' हे पाहण्याचा आग्रह धरला आहे, कारण या यंत्रणेतील एकही सुटा भाग इंजिनाची शक्ती वाढवीत नाही. असलेली शक्ती वेळेवर चाकापर्यंत पोहोचते की नाही, एवढेच त्याच्या हाती असते.

प्रश्न : माझी १२५ सीसीची स्कूटर सुमारे २२ हजार किलोमीटर चालली आहे. अलीकडे तिला पूर्वीसारखा पिकअप राहिलेला नाही आणि चढावर ती फारच मंदावते. हलके रोलर टाकल्यास गाडी पळू लागेल, असे मला सांगण्यात आले. किती वजनाचे रोलर घ्यावेत?

उत्तर : आपल्या पत्रातील 'अलीकडे' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. गाडी नवी असताना पिकअप समाधानकारक होता आणि आता तो नाही, याचा अर्थ मूळ रोलरचे वजन चुकीचे होते असा होत नाही, तर काहीतरी झिजले आहे असा होतो. म्हणून हलके रोलर विकत घेण्यापूर्वी पट्ट्याचे झाकण उघडून जे आहे ते नीट मोजून घ्यावे.

यंत्रणा कशी चालते हे ध्यानात घेतले की काय मोजायचे ते आपोआप कळते. इंजिनाच्या दांड्यावर पुढची पुली असते. तिची एक तबकडी स्थिर असते आणि दुसरी, म्हणजे व्हेरिएटर, आत-बाहेर सरकते. व्हेरिएटरच्या पोटात उतरत्या खाचांमध्ये बहुधा सहा रोलर बसवलेले असतात. इंजिनाचे फेरे वाढले की हे रोलर केंद्रापासून दूर फेकले जातात, खाचेच्या उतारामुळे तबकडीला ढकलतात आणि दोन तबकड्यांमधली जागा अरुंद होऊन पट्टा पुढच्या पुलीवर वर चढतो. पट्ट्याची लांबी ठरलेली असल्यामुळे तो मागच्या पुलीत तेवढाच आत ओढला जातो. मागची पुली सहजासहजी उघडत नाही. तिच्यावरची मोठी स्प्रिंग, म्हणजे कॉन्ट्रा स्प्रिंग, तिला मिटवून धरते आणि चाकावर भार आला की टॉर्क कॅमच्या तिरक्या खाचा तिला आणखी आवळतात. पुढून रोलर ढकलतात, मागून स्प्रिंग आणि कॅम विरोध करतात, आणि या दोन बलांचा समतोल जेथे साधतो तेथे त्या क्षणाचा गिअर, म्हणजे इंजिन आणि चाक यांच्या फेऱ्यांचे प्रमाण, ठरतो. नेदरलँड्समधील डाफ कंपनीने १९५८ साली लोकांसमोर आणलेल्या मोटारीतही पट्टा आणि पसरणाऱ्या पुल्या यांचीच जोडी होती. स्कूटरमध्ये ती लहान आकारात आली आहे.

आता तपासणीकडे वळू. रोलर बाहेर काढून बोटांत फिरवून पाहावेत. एका बाजूने चपटा झालेला रोलर खाचेत गोल फिरत नाही, घसटत जातो आणि मध्येच अडकतो. त्यामुळे एका विशिष्ट वेगाला गाडी अडखळल्यासारखी वाटते. व्हर्निअरने रोलरचा व्यास आणि पट्ट्याची रुंदी मोजून गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील किमान मापांशी ताडून पाहावी. पट्टा झिजून अरुंद झाला की तो पुढच्या पुलीच्या कडेपर्यंत चढू शकत नाही, म्हणून गाडीचा सर्वाधिक वेग घटतो. व्हेरिएटरच्या खाचांवर बोट फिरवल्यास रोलरने पाडलेले खळगे जाणवतात. ते खोल असतील तर नवे रोलरही तेथेच अडतील. रोलरच्या मागच्या पत्र्याला बसवलेले तीन प्लॅस्टिकचे सरकते तुकडे ढिले झाले असतील तर ते बदलावेत. या गोष्टी मूळ मापाच्या नव्या सामानाने ठीक केल्यावर आपली तक्रार दूर होण्याची शक्यता मोठी आहे.

त्यानंतरही गाडी मंद वाटली तर वजनाचा विचार करावा, आणि तो अंदाजाने नव्हे तर आकड्याने करावा. इंजिनाची कमाल शक्ती किती आरपीएमला, म्हणजे मिनिटाला किती फेऱ्यांना, मिळते, हे गाडीच्या माहितीपुस्तकात दिलेले असते. थ्रॉटल पूर्ण उघडून गाडी पळवताना इंजिनाचे फेरे एका जागी स्थिरावतात आणि वेग मात्र वाढत राहतो. हे स्थिरावण्याचे ठिकाण कमाल शक्तीच्या आकड्याजवळ आणणे, हेच रोलर निवडण्याचे उद्दिष्ट आहे. अनेक स्कूटरना आरपीएमचा काटा नसतो, पण प्लगच्या वायरीला तार गुंडाळून चालणारा लहान मीटर मिळतो आणि या कामाला तो पुरेसा असतो.

रोलरचा दाब त्याच्या वजनाच्या प्रमाणात आणि फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून वजन १० टक्क्यांनी कमी केले तर फेरे साधारण ५ टक्क्यांनी वाढतात. समजा, कमाल शक्ती ७५०० आरपीएमला मिळते आणि आपली गाडी ६८०० वर स्थिरावते. ६८०० ला ७५०० ने भागून येणाऱ्या संख्येचा वर्ग केला तर सुमारे ०.८२ येतो. सहा रोलर प्रत्येकी १४ ग्रॅमचे, म्हणजे एकूण ८४ ग्रॅमचे असतील, तर नवे एकूण वजन सुमारे ६९ ग्रॅम असावे लागेल. प्रत्येकी साडेअकरा ग्रॅमचे रोलर मिळाले नाहीत तर ११ ग्रॅमचे तीन आणि १२ ग्रॅमचे तीन रोलर एकाआड एक बसवावेत, म्हणजे तोल बिघडत नाही. तरीही एकदम ६९ ग्रॅमवर न उतरता आधी ७५ ग्रॅमच्या आसपास थांबून पुन्हा मोजमाप घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. हिशोब दिशा दाखवतो. शेवटचा ग्रॅम रस्त्यावरच ठरतो.

प्रश्न : मी मूळ वजनापेक्षा बरेच हलके रोलर बसवले. सुरुवातीचा पिकअप जोरदार झाला, परंतु इंजिन सतत ओरडत असल्यासारखे वाटते, ॲव्हरेज कमी झाला आणि सर्वाधिक वेगही घटला. असे का व्हावे?

उत्तर : कारण आपण योग्य मुक्काम ओलांडून पुढे गेला आहात. रोलर फार हलके झाले की पट्ट्याला वर चढवण्याइतका दाब येण्यासाठी इंजिनाला कमाल शक्तीच्या आकड्यापलीकडे फिरावे लागते. तेथे फेरे आणि आवाज वाढतात, पण शक्ती उतरणीला लागलेली असते. काही गाड्यांत तर फेऱ्यांवर मर्यादा घालणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मध्ये येते आणि इंजिन तुटक तुटक धडपडू लागते. अर्ध्या थ्रॉटलवर साध्या रस्त्याने जातानाही इंजिन गरजेपेक्षा जास्त फिरत राहते, म्हणून पेट्रोल जास्त लागते.

सर्वाधिक वेगाविषयी एक साधी परीक्षा घरी करता येते आणि ती मला फार आवडते. पुढच्या पुलीच्या स्थिर तबकडीवर, पट्टा जेथे घासतो त्या बाजूला, केंद्रापासून कडेपर्यंत मार्करने एक सरळ रेघ ओढावी. झाकण व्यवस्थित बसवून, मोकळ्या आणि सुरक्षित रस्त्यावर एकदा पूर्ण वेगाने गाडी चालवून यावी आणि पुन्हा झाकण उघडावे. पट्टा जेथपर्यंत चढला तेथपर्यंतची रेघ पुसलेली दिसते. कडेशी बोटभर रेघ शिल्लक असेल तर शेवटचा गिअर वापरलाच जात नाही, हे उघड आहे.

मात्र रेघ शिल्लक दिसली म्हणून लगेच जड रोलर शोधायला निघू नये. आधी त्या वेगाला इंजिनाचे फेरे किती होते ते पाहावे. ते कमाल शक्तीच्या आकड्याच्या वर असतील तर रोलर जड करावेत. ते त्या आकड्यावरच असतील तर गाडीची ताकद हवेचा विरोध कापण्यातच संपत आहे, आणि पट्टा कडेपर्यंत नेऊनही वेग वाढणार नाही. फेरे आकड्याच्या खाली असतील आणि तरीही रेघ शिल्लक असेल, तर झिजलेला पट्टा किंवा अडकणारा व्हेरिएटर यांच्याकडे पाहावे. आपल्या बाबतीत, लक्षणांवरून, पहिली शक्यता दिसते. मूळ आणि सध्याचे वजन यांच्या मधोमध येणारा संच बसवून पुन्हा रेघ ओढावी.

प्रश्न : रोलरबरोबर कडक कॉन्ट्रा स्प्रिंग आणि कडक क्लच स्प्रिंग घातल्याशिवाय काम पूर्ण होत नाही, असे दुकानदार सांगतात. हे कितपत खरे आहे?

उत्तर : मूळ इंजिन असलेल्या गाडीसाठी हे बहुधा खरे नसते. कॉन्ट्रा स्प्रिंग कडक केली की पट्ट्याला वर चढणे कठीण होते, फेरे वाढतात आणि चढावर पट्टा खालच्या गिअरकडे लवकर परततो. ऐकायला हे चांगले वाटते. परंतु फेरे वाढवण्याचे काम रोलरनेही होते आणि त्यासाठी पट्ट्याला काही किंमत मोजावी लागत नाही. कडक स्प्रिंग पट्ट्याला दोन्ही बाजूंनी सतत जास्त दाबून धरते. या दाबाने घर्षण वाढते, घर्षणाने उष्णता वाढते आणि उष्णतेने पट्ट्याचे आयुष्य कमी होते. शिवाय पट्टा पुढच्या पुलीच्या कडेपर्यंत पोहोचण्याआधीच अडू शकतो.

कडक स्प्रिंग लागते ती पट्टा घसरत असेल तेव्हा. इंजिनाची क्षमता वाढवलेली असल्यास असे घडते. थ्रॉटल पिळताच फेरे उसळतात पण गाडी तशी उसळत नाही, पट्ट्याच्या कडा काचेसारख्या चकचकीत होतात, जळक्या रबराचा वास येतो, ही घसरण्याची लक्षणे आहेत. या स्प्रिंगा १०००, १५०० किंवा २००० आरपीएम अशा नावांनी विकल्या जातात. ती कडकपणाची चढती ओळख समजावी, तेवढेच फेरे वाढतील असे मानू नये.

चढावर थ्रॉटल पूर्ण उघडूनही फेरे वाढत नाहीत, अशी तक्रार पुष्कळ वाचक करतात आणि तिचा दोष स्प्रिंगला देतात. माझ्या पाहण्यात तो दोष अनेकदा टॉर्क कॅमचा निघाला आहे. त्याच्या तिरक्या खाचांतून पिना सरकतात. तेथील ग्रीस वाळले किंवा खाचेच्या कडेला पिनेने खळगा पाडला की मागची पुली मिटायला नकार देते. तो भाग खोलून, स्वच्छ करून, ठरलेले ग्रीस भरून आणि सील बदलून बसवला की गाडीचा स्वभावच पालटतो. जुनी स्प्रिंग दबून आखूड झाली आहे का, हे तिची मोकळी लांबी मॅन्युअलशी ताडून पाहावे. येथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे : मागच्या पुलीचा मोठा नट काढताना स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते आणि क्लचला जोराने उडवू शकते. स्प्रिंग दाबून धरणारे साधन नसेल तर हे काम गॅरेजमध्येच करून घ्यावे.

प्रश्न : सिग्नलवरून गाडी सुटताना पहिल्या काही फुटांत थरथरते आणि नंतर सुरळीत चालते. क्लच स्प्रिंग बदलल्याने हे थांबेल का?

उत्तर : थरथर बहुधा क्लचच्या लायनिंगमधून, म्हणजे पकड देणाऱ्या अस्तरातून, येते. क्लचचे तीन शू फेरे वाढल्यावर बाहेर फेकले जाऊन बेलच्या, म्हणजे बाहेरच्या वाटीच्या, आतल्या पृष्ठभागाला पकडतात. लायनिंग चकचकीत झाले असेल, त्यावर ग्रीस उडाले असेल किंवा तीन लहान स्प्रिंगांपैकी एखादी सैल झाली असेल, तर तिन्ही शू एकाच वेळी पकडत नाहीत आणि गाडी थरथरते. लायनिंगमध्ये पुरेशी जाडी शिल्लक असल्यास त्यावर जाड पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवावा, बेलचा आतला भाग ब्रेक क्लीनरने पुसावा आणि स्प्रिंगा बदलायच्या झाल्यास तिन्ही एकदम बदलाव्यात. तेथील धूळ हवेच्या झोताने उडवू नये. ती श्वासात जाते. ग्रीस आढळले तर ते मागच्या पुलीच्या सीलमधून येत आहे का, हे शोधल्याशिवाय झाकण बंद करू नये.

कडक क्लच स्प्रिंगने क्लच उशिरा, म्हणजे जास्त फेऱ्यांवर पकडतो. इंजिनात जोर असलेल्या फेऱ्यांवर गाडी सुटते म्हणून सुरुवातीचा झटका चांगला बसतो, पण गर्दीत रांगत जाताना क्लच सतत अर्धवट घासत राहतो. बेलवर निळसर छटा आली असेल तर ती या उष्णतेची खूण आहे. रोज गर्दीतून ये-जा करणाऱ्याने मूळ स्प्रिंगाच ठेवाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : व्हेरिएटरमध्ये ग्रीस भरावे की नाही?

उत्तर : आपल्या गाडीचे मॅन्युअल सांगेल तेच करावे. काही व्हेरिएटर सीलबंद असतात आणि त्यांत मोजून ग्रीस घालायचे असते. पुष्कळ उघड्या व्हेरिएटरमध्ये रोलर कोरडेच चालतात. कोरड्या प्रकारात ग्रीस भरले की ते पट्ट्यावर उडते आणि पट्टा घसरू लागतो.

प्रश्न : मी स्वतः रोलर बदलले. पंधरा दिवसांनी पुढून खडखड आवाज येऊ लागला. उघडून पाहिले तर पुढचा नट ढिला आणि स्थिर तबकडीचे दाते खाल्ले गेलेले. नट तर मी पूर्ण ताकदीने आवळला होता.

उत्तर : ही चूक इतकी सर्वत्र होते की तिच्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. शिकाऊ असताना माझ्याही हातून ती झाली होती आणि इंजिनाचा दांडा बदलावा लागला होता.

नट आवळताना पट्टा पुढच्या दोन तबकड्यांच्या मध्ये चिमटला जातो. बाहेरची स्थिर तबकडी मग पट्ट्यावर टेकते, मधल्या बुशावर, म्हणजे व्हेरिएटर ज्या नळीवरून सरकतो तिच्यावर, टेकत नाही. हाताला नट घट्ट लागतो, पान्यावर जोरही जाणवतो, परंतु तो घट्टपणा पट्ट्याचा असतो. गाडी काही मीटर चालताच पट्टा आपल्या जागी सरकतो, दाब नाहीसा होतो आणि नटाखाली फट राहते. त्यानंतर तबकडी दांड्याच्या दात्यांवर हलत राहते आणि दाते खाल्ले जातात.

उपाय साधा आहे. पट्टा बसवताना मागच्या पुलीच्या तबकड्या हाताने फाकवून पट्टा तेथे शक्य तितका आत दाबावा, म्हणजे पुढे सैल पडतो. तो बुशाभोवती लोंबता राहील अशा स्थितीत बाहेरची तबकडी दात्यांवर पूर्ण आत सरकवावी. दांड्याचे दाते तबकडीच्या बाहेर पुरेसे डोकावत आहेत, हे डोळ्यांनी पाहावे. पट्टा हाताने हलवून तो मोकळा असल्याची खात्री करावी आणि मगच नट लावावा. शेवटचे आवळणे टॉर्क पान्यानेच, म्हणजे जोर मोजून दाखवणाऱ्या पान्यानेच, मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यापर्यंत करावे. हवेच्या गनने केव्हाही करू नये. तबकडी थोपवून धरण्यासाठी त्या कामाचे साधन वापरावे. स्थिर तबकडीच्या बाहेरच्या बाजूला पंख्याची पाती असतात, ती पट्ट्याला थंड हवा देतात. त्या पात्यांत स्क्रू-ड्रायव्हर अडकवला की पाती तुटतात आणि तबकडीचा तोल जातो. पट्ट्यावर बाण असल्यास तो फिरण्याच्या दिशेने ठेवावा. सारे बसल्यावर इंजिन सुरू करून मागचे चाक अधांतरी हळू फिरू द्यावे, म्हणजे पट्टा आपल्या जागी येतो; पण हे झाकण लावूनच करावे.

आपल्या गाडीत आता तबकडी बदलावीच लागेल. दांड्याचे दाते शाबूत आहेत का, हे भिंग घेऊन पाहावे. त्यांच्या कडा गोल झाल्या असतील तर नवी तबकडीही टिकणार नाही.

प्रश्न : हलक्या रोलरने पिकअप वाढतो, तर जड रोलरने ॲव्हरेज वाढेल का? माझा रोजचा रस्ता सपाट आणि मोकळा आहे.

उत्तर : थोडा वाढू शकतो, कारण जड रोलर पट्ट्याला लवकर वर नेतात आणि त्याच वेगाला इंजिन कमी फिरते. परंतु ही वाट लांबची नाही. वजन फार वाढवले की इंजिन कमी फेऱ्यांवर भाराखाली गुदमरते, आपण नकळत थ्रॉटल अधिक उघडतो आणि वाचवलेले पेट्रोल तेथेच जाते. मागे कोणी बसले किंवा लहानसा चढ आला तरी हे जाणवते. एकूण वजन ५ टक्क्यांपेक्षा जास्त न वाढवता सुरुवात करावी आणि एकाच रस्त्यावर, टाकी दर वेळी एकाच खुणेपर्यंत भरून, निदान तीन टाक्यांचा हिशोब लिहून ठेवावा. त्याआधी टायरमधली हवा, ब्रेक मोकळे फिरतात का, आणि पट्ट्याच्या झाकणात हवा घेणारी जाळी किंवा स्पंज धुळीने भरला आहे का, हे पाहून घ्यावे. तो स्पंज स्वच्छ केल्याने पट्टा थंड राहतो, आणि सर्व्हिसिंगमध्ये त्याच्याकडे लक्ष देणारे फार थोडे असतात.